सूज दडपायची की उतरू द्यायची?

डिसेंबर-जानेवारीत कलबुर्गी जिल्ह्यातली तुरीची कापणी उरकते आणि रानात मागे उरतात ती तिरकी कापलेली, टोकदार धसकटे. चपलेचा तळ भेदून धसकट टाचेत शिरले नाही असा शेतकरी आळंद-भालकी पट्ट्यात शोधूनही सापडायचा नाही. इथल्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धसकटाच्या कर्तबगारीची नोंद मात्र सरकारदरबारी झालेली नाही. टाच लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. पाय टेकवत नाही. आणि धसकट नीट निघाले, जखम चिघळली नाही, तर आठवडाभरात तोच गडी पुन्हा रानात दिसतो. सूज आली हे सगळ्यांच्या लक्षात राहते. ती गेली कशी, हे सहसा कोणी विचारत नाही.

वैद्यकशास्त्रानेही हा प्रश्न फार उशिरा विचारला. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात लिहून ठेवली. दाह सुरू कसा होतो यावर पुढे ग्रंथच्या ग्रंथ झाले. तो थांबतो कसा, याचे उत्तर मात्र गृहीत धरलेले होते: जंतू मेले, रसायने विरली, की आपोआप निवत असेल. गेल्या चाळीस वर्षांत हे गृहीतक मोडीत निघाले. दाह विझणे ही शरीराने स्वतः, ठरलेल्या क्रमाने पार पाडायची कामगिरी आहे. ती अर्धवट राहिली की दाह रेंगाळतो. जुनाट सांधेदुखी, वर्षानुवर्षे सुजलेला पाय, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत धुमसणारा रोग, या सगळ्यांच्या मुळाशी अशी अर्धवट राहिलेली कामगिरी कमी-अधिक प्रमाणात असते.

धसकट शिरले की आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी लोंढ्याने बाहेर पडतात. त्या जंतूंना गिळतात, त्यांच्यावर दाहक रसायने सोडतात. या माऱ्यात शरीराची स्वतःची ऊतीही होरपळते. न्यूट्रोफिलचे आयुष्य फार थोडे. त्या जागच्या जागी फुटल्या तर पोटातली रसायने सांडून आग आणखी भडकेल. म्हणून काम झाल्यावर त्या आतल्या आत आक्रसून मरतात. मागून आलेल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना अख्ख्या गिळून टाकतात. खरी गंमत यापुढची. मेलेला न्यूट्रोफिल पोटात गेला की मॅक्रोफेजचा नूरच पालटतो. आतापर्यंत कुमक बोलावणारी ती पेशी आता इंटरल्युकिन-१० सारखी शांतवणारी रसायने सोडू लागते आणि ऊतीच्या दुरुस्तीला हातभार लावते.

या पालटामागचे काही संकेत १९८४ मध्ये हाती लागले. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्याबरोबर काम करणाऱ्या चार्ल्स सेरहान यांना पांढऱ्या पेशींत लिपॉक्सिन नावाचे स्निग्ध रेणू सापडले. पुढे सेरहान यांच्याच गटाने ओमेगा-३ स्निग्धाम्लांपासून शरीर बनवत असलेले रिझॉल्विन रेणू ओळखले. न्यूट्रोफिलांची आवक थांबवणे आणि मॅक्रोफेजना साफसफाईला लावणे, हे या रेणूंचे काम. दाहाच्या सुरुवातीला जी प्रोस्टाग्लँडिन आग भडकवतात, त्यांतलीच काही पुढे या शांतवणाऱ्या रेणूंच्या निर्मितीची कळ दाबतात, हेही दिसून आले. म्हणजे आगीच्या पहिल्या भडक्यातच ती विझवण्याची तजवीज सुरू झालेली असते.

याचा एक अडचणीचा निष्कर्ष १९९९ मध्ये लंडनहून आला. डेरेक गिलरॉय आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या छातीच्या पोकळीत दाह निर्माण केला आणि तो ओसरू लागल्यावर त्यांना वेदनाशामक गटातली औषधे दिली. दाह लवकर जाण्याऐवजी लांबला. ही औषधे ज्या विकराला रोखतात, ते सूज चढताना आग वाढवते; पण ती उतरताना तेच शरीराच्या कामी येत होते.

हे सगळे प्रयोगशाळेतले झाले. बीदर-कलबुर्गीच्या माणसाला त्याचा अनुभव २००६ मध्ये अंगावर घ्यावा लागला.

त्याआधी चिकनगुनिया या भागाला अगदीच अनोळखी होता असे नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, १९७३ मध्ये त्याची मोठी साथ येऊन गेली होती. नंतर तीन दशके विषाणू जवळजवळ गायब राहिला. २००५ च्या अखेरीस तो परतला, तो बार्शीच्या वेळचा आशियाई प्रकार नव्हे, तर आफ्रिकी प्रकार घेऊन. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे ओळखले. २००६ मध्ये देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांतले साडेसात लाखांहून अधिक एकट्या कर्नाटकातले होते, आणि तेव्हाचा गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी, व बीदर हे जिल्हे त्या तडाख्यात सापडले होते. नळाला पाणी चार-चार दिवसांनी. मग रांजण, हौद, पत्र्याचे पिंप, सिमेंटच्या टाक्या भरून ठेवायच्या. एडिस डासाला यापेक्षा चांगले घर कोणते?

ताप चार-पाच दिवसांत गेला. सांधे गेले नाहीत. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, चुलीवरचा तवा उचलवत नाही, मांडी घालून बसता येत नाही, अशी माणसे घरोघरी होती. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरले. काहींचे वर्ष उलटले तरी राहिले. हा फरक का पडतो, याचा एक धागा हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर मिळाला. तिथेही २००५-०६ मध्ये हीच साथ आली होती आणि जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्येला बाधा झाली होती. तिथल्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षानंतरही, मॅक्रोफेज पेशींमध्ये, विषाणूचे अंश सापडले. ज्यांनी साफसफाई करायची त्यांच्याच पोटात कचरा अडकलेला. टाचेत मोडून राहिलेल्या धसकटाच्या तुकड्याने जखम वाहत राहावी, तसाच हा प्रकार.

त्या काळात आणि आजही या भागात दुखण्यावरचा सर्वांत झटपट उपाय म्हणजे सुई. ‘सुई मारा, उद्या कामाला जायचंय’ ही मागणी रुग्णाकडूनच येते, आणि ती पुरी करणारे कोणी ना कोणी बाजारच्या गावी बसलेलेच असते. त्या सुईत पुष्कळदा स्टेरॉइड असते. रुग्ण रात्रीतून उठून बसतो. चार दिवसांनी दुखणे परत, सुई परत. ती परवडेनाशी झाली की आठवडी बाजारातली ‘जडीबुटी’ची भुकटी. अशा भुकट्यांमध्ये गुपचूप स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे देशात वारंवार उघडकीस आली आहेत. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. अंगावर बाळसे आले म्हणून घरचे खूशही होतात.

यात स्टेरॉइडचा दोष नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने खिळलेल्या एका रुग्णाला कॉर्टिसोन दिले. काही दिवसांत ती स्त्री चालू लागली. १९५० चे नोबेल हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउश राइखस्टाइन यांना मिळाले. शरीराच्या मूत्रपिंडावरील ग्रंथी जे संप्रेरक रोज स्वतः बनवतात, त्याचीच ही नक्कल. पहाटे ते चढते, रात्री उतरते, आणि दाहाला लगाम घालण्याचे काम करते. बाहेरून महिनोन्‌महिने पुरवठा झाला की ग्रंथी आपला धंदा बंद करतात. म्हणूनच बराच काळ चाललेले स्टेरॉइड एके दिवशी स्वतःच्या मनाने तोडणेही धोक्याचे. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावे लागते.

स्टेरॉइडचा योग्य उपयोग आणि गैरवापर यांतला फरक कलबुर्गीला शिकवायची गरज पडू नये. कोविडने देशातला पहिला मृत्यू याच शहरातल्या ७६ वर्षांच्या एका वृद्धाचा झाला, १० मार्च २०२० रोजी. त्यानंतर तीनच महिन्यांनी ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीतून डेक्सामेथासोनचे निष्कर्ष आले. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णांमधले मृत्यू या स्वस्त स्टेरॉइडने सुमारे एक तृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरजच नसलेल्यांना त्याचा काही लाभ झाला नाही. या निष्कर्षाचा पहिला भाग सगळ्यांनी ऐकला, दुसरा फार थोड्यांनी. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत घरी बसलेल्या, सौम्य तापाच्या रुग्णांनीही स्टेरॉइड गिळले, आणि मधुमेहाच्या जोडीने त्याने काळ्या बुरशीला वाट करून दिली. दाह शरीराच्या हाताबाहेर गेला तेव्हा तेच औषध तारक ठरले, आणि शरीर आपले काम करत असताना घेतले तेव्हा घातक.

साध्या वेदनाशामक गोळ्यांबद्दलही शंका घ्यायला आता जागा आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये कंबरदुखीच्या रुग्णांच्या रक्तातल्या पेशी तपासल्या. ज्यांच्या रक्तात सुरुवातीला न्यूट्रोफिलांची धामधूम जास्त होती, त्यांचेच दुखणे तीन महिन्यांत गेलेले दिसले. उंदरांना सुरुवातीलाच डेक्सामेथासोन किंवा डायक्लोफिनॅक दिले तेव्हा ठणका कमी झाला, पण दुखणे लांबले. माणसांमधला पुरावा अजून निरीक्षणांचाच आहे. त्यावरून डायक्लोफिनॅकची पाने उकिरड्यावर फेकायचे कारण नाही. पण ठणकले की गोळी आणि ठणकायच्या आधीही गोळी, या सवयीचा फेरविचार करायला एवढे पुरेसे आहे. चिकनगुनियाच्या पहिल्या तापात तर डेंगी नाही याची खात्री होईपर्यंत पॅरासिटामॉलवरच थांबावे, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहेच.

‘शरीर आपोआप बरे होते’ या वाक्याच्या आडोशाने दुसऱ्या टोकाचाही एक व्यापार चालतो, आणि त्याचाही समाचार घ्यायला हवा. संधिवाताभ, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड, आर्थ्रायटिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. इथे वाट पाहणे म्हणजे बोटे वाकडी होऊ देणे. मेथोट्रेक्सेटसारखे औषध वेळेत सुरू झाले तर सांधे वाचतात. ‘नैसर्गिक उपचारा’त गेलेली दोन वर्षे परत मिळत नाहीत. सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली सांध्यांची सूज आणि सकाळी तासभर न सुटणारा आखडलेपणा असेल, तर सुईवाल्याचे दार आणि भुकटीवाल्याची पथारी दोन्ही टाळून तज्ज्ञाकडे जाणे, एवढाच शहाणपणा आहे.

शरीराला मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तम उदाहरण याच मातीत घडलेले आहे. ते बेंगळुरूलाच काय, बीदरलाही फारसे माहीत नाही.

बीदर, कलबुर्गी आणि यादगीर हे जिल्हे हत्तीरोगाच्या नकाशावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सीमेपलीकडचे सोलापूर, धाराशिव, लातूर, नांदेडही त्याच नकाशावर आहेत. गटारीच्या पाण्यावर वाढणारा क्युलेक्स डास धाग्यासारखे कृमी माणसात सोडतो. ते लसीकावाहिन्यांत सहा ते आठ वर्षे राहतात, आणि जिवंत असेतो शरीराच्या संरक्षण यंत्रणेला चुचकारून गप्प ठेवतात. त्यांची पिल्ले रक्तात दिसतात ती रात्री, म्हणून तपासणीची पथके गावात रात्रीची यायची. कृमी मेला की त्याच्या शरीरातले व्होल्बॅकिया नावाचे जिवाणू बाहेर पडतात आणि मग दाह उसळतो. तोवर वाहिन्या निकामी झालेल्या असतात. द्रव साचतो, पाय जड होतो, कातडी जाडावते.

इथपर्यंत कृमीचा दोष. पुढचे बिघडते ते वेगळ्याच कारणाने. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात जेरुसा ड्रायर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, पाय वाढत जाण्याला कारण कृमीपेक्षा साधे जिवाणू जास्त असतात. बोटांच्या बेचक्यांतल्या चिरा, भेगाळलेली टाच, बुरशीने सोललेली कातडी, इथून ते आत शिरतात. थंडी वाजून ताप, जांघेत गाठ, पायावर लाली. आठ दिवस अंथरूण. अशा प्रत्येक झटक्यानंतर पाय थोडा आणखी जाड होतो. बारीकसारीक जखमा भरत नाहीत तोवर सूज उतरण्याची सोयच नसते.

कासरगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मटॉलॉजीतले डॉ. एस. आर. नरहरी आणि सहकाऱ्यांनी याच समजुतीवर कार्यक्रम आखला आणि तो दोन जिल्ह्यांत राबवला: केरळातले आलप्पुळा आणि कर्नाटकातले गुलबर्गा. रुग्णांना घरच्या घरी करायची कामे शिकवली. साबणाने पाय धुणे, कोरडा करणे, वनस्पतींच्या फांटात बुडवून ठेवणे, श्वासाबरोबर करायचे ठराविक योगाभ्यास, आणि वर दाब देणारी पट्टी. सातशेहून अधिक रुग्णांचा पाठपुरावा झाला. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे साडेतीन महिन्यांत पायांचे आकारमान घटले, जंतू शिरण्याच्या जागा कमी झाल्या, तापाचे झटके कमी झाले. तुलनेसाठी उपचार न दिलेला गट नव्हता, त्यामुळे कोणत्या घटकाने किती काम केले हे त्यावरून सांगता येत नाही. पण पाय धुण्याचा भाग जगभर मान्य आहे.

कृती साधी आहे, पण निष्काळजीपणे करून चालत नाही. पसरट टोपले, तांब्याभर साधे पाणी. गरम नको, कारण बधिरलेल्या कातडीला भाजल्याचे कळत नाही. आधी नडगी, मग घोटा, मग पाऊल. साबण हातावर फेसाळून लावायचा, दगडाने घासायचे नाही. प्रत्येक बेचक्यात बोट घालून मळ काढायचा, पाणी नितळ होईपर्यंत धुवायचे. मग मऊ धोतराचा तुकडा टिपत टिपत फिरवायचा. बेचक्यांत पातळ सुती कापडाची पट्टी ओढून ओल काढायची. चीर दिसली तर मलम. बसल्या जागी घोटा वर-खाली, गोल फिरवायचा, कारण पिंढरीचा स्नायू आवळला की द्रव वर ढकलला जातो. रात्री पायाखाली घडी घातलेले घोंगडे. हे रोज, न चुकता.

यात दाह मारणारे औषध एकही नाही. फक्त त्याला नवे इंधन मिळत नाही, आणि उरलेले काम शरीर करते.

हालचालीचा फायदा पायापुरता नाही. आवळणाऱ्या स्नायूंतून रक्तात उतरणारी रसायने सर्वांगातल्या दाहाला आवर घालतात, हे डेन्मार्कमधल्या बेंटे पेडरसन यांच्या गटाने दाखवले आहे. रानात राबणाऱ्याला हे सांगायला नको. पण दुखण्याने महिना अंथरुणावर काढलेल्याला आणि गादीवर बसून हिशेब करणाऱ्या अडत्याला सांगायला हवे. पोटात साचलेली चरबीही दाहक रसायने सोडत असते, आणि आपल्याकडे ती काटकुळ्या दिसणाऱ्या माणसातही असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडफोटो छापला. दोघांचा देहभार निर्देशांक सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगातली चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

ओमेगा-३ म्हटले की इथला माणूस जवसाची चटणी पुढे करील. कन्नडभाषक घरात तीच अगसी चटणी. जवसात ओमेगा-३ भरपूर आहे हे खरे. मात्र ते ज्या रूपात असते त्यातून रिझॉल्विनला लागणारी स्निग्धाम्ले शरीर फार थोडी बनवते; मासळीत ती तयार मिळतात. ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी जरूर खावी, तिच्या जोरावर सांधा बरा होईल अशी आशा धरू नये. तंबाखूचा बार बंद केला तर हिरड्यांपासून हृदयापर्यंतच्या दाहाला जो उतार पडेल, तो कुठल्याही चटणीने पडणार नाही.

मग शासनाने काय करावे? चिकनगुनियाच्या साथीत संशयित किती आणि खात्रीचे किती एवढेच मोजले जाते. साथीनंतर तीन महिन्यांनी आशाताईंनी त्याच घरी जाऊन कोणाची मूठ अजून वळत नाही याची यादी केली, तर तज्ज्ञाची गरज असलेले थोडे आणि धीर व व्यायाम पुरेसा असलेले पुष्कळ, अशी निवड गावातच होईल. त्यासाठी बीदर आणि कलबुर्गीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून महिन्याला एक सांधेदुखी शिबिर तालुक्याला आले तरी लोकांच्या लातूर, सोलापूर, हैदराबादच्या खेपा वाचतील. स्टेरॉइडची सुई विनानोंद टोचणाऱ्यांवर आणि भुकट्यांवर औषध प्रशासनाची धाड तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचली पाहिजे. सूचनापत्रकेही घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत हवीत. औराद, भालकी, बसवकल्याणच्या वाड्यावस्त्यांवर ती मराठीत, तांड्यावर लमाणीत आणि सगळीकडे कन्नडमध्ये.

हत्तीरोगाचे उच्चाटन २०२७ पर्यंत करायचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे, आणि सामुदायिक औषध वाटपाने कृमींची साखळी तुटू शकते. पण उच्चाटन जाहीर झाले म्हणून सुजलेले पाय बारीक होत नाहीत. टोपले, साबण, टॉवेल आणि मलम यांचा संच या रुग्णांना देण्याची तरतूद कार्यक्रमात आहे. उद्दिष्ट गाठल्यावर निधी आटला तर आधी बंद पडेल ती हीच तरतूद. ती जिल्हा पंचायतीच्या नियमित अंदाजपत्रकात, रुग्णाच्या हयातीपर्यंत, आत्ताच नोंदवून घ्यायला हवी. औषध वाटपाच्या मोहिमेच्या तुलनेत तिचा खर्च किरकोळ आहे.